प्लॅस्टिकच्या सैनिकाचा मावळा: एपॉक्सी पुट्टीचे काम कोणत्या क्रमाने करावे

दिवाळीच्या किल्ल्यासाठी बाजारातून आणलेले मावळे एका साच्यातून निघालेले असतात. दरवाजावरचा पहारेकरी असो की पायवाटेने चढणारा हशम (पायदळातला शिपाई), पवित्रा सगळ्यांचा एकच. म्हणून खेळण्यातल्या सैनिकावर एपॉक्सी पुट्टी चढवून आपल्याला हवा तसा मावळा घडवायला अनेक जण घेतात. त्यातले बरेच पुतळे एकाच कारणाने बिघडतात: पुट्टी फार लवकर हातात घेतली जाते. कापणे, धुणे, तार घालणे अर्धवट असते आणि मग एकाच बैठकीत वहाणांपासून मुंडाशापर्यंत सगळे उरकायचे असते. शेला दाबताना बोट तुमानीवर पडते, तुमान सावरताना हात निखळतो, आणि शेवटी सगळे खरवडून काढावे लागते.

खाली दिलेला क्रम ५४ मिमी उंचीच्या, म्हणजे साधारण १/३२ मापाच्या सैनिकासाठी आहे. त्याच्या डोक्यावर लोखंडी टोप आणि हातात बंदूक आहे. त्याला मुंडासे, अंगरखा, शेला, ढाल आणि तलवार द्यायची आहे. २८ मिमीच्या पुतळ्यालाही हाच क्रम लागू पडतो, फक्त पुट्टी फार कमी लागते. पाच-सहा संध्याकाळी हाताशी ठेवा. प्रत्येक संध्याकाळी काम तास-दीड तासाचे. उरलेला वेळ पुट्टी कडक होण्याचा आहे आणि तो वाचवता येत नाही.

## आधी सामान: कोणती पुट्टी कशासाठी

दुकानात नुसते ‘पुट्टी’ म्हटले तर भिंतीची पुट्टी किंवा रंगाऱ्याची भेगा बुजवायची लांबी पुढे येईल. त्या दोन्ही इथे चालत नाहीत. शाडू प्लॅस्टिकला धरत नाही आणि वाळताना तडकतो. ओव्हनमध्ये भाजायची पॉलिमर क्लेसुद्धा नको, कारण तिला लागणाऱ्या शंभराहून अधिक अंश तापमानात खालचा प्लॅस्टिकचा सैनिकच वाकडा होईल. आपल्याला हवी ती दोन भागांची एपॉक्सी पुट्टी. दोन्ही भाग एकत्र मळले की रासायनिक क्रियेने ती आपोआप कडक होते.

ग्रीन स्टफ. निळा आणि पिवळा भाग मिळून हिरवी होते. ताणली जाते, सुती कापडासारखी वळते आणि कडक झाल्यावरही किंचित लवचीक राहते. कपड्याच्या घड्या, केस, मिशा, दोरी यांसाठी हिच्याइतकी चांगली दुसरी नाही. पण ती घासता येत नाही. पॉलिश पेपर लावला की पृष्ठभाग गुळगुळीत होण्याऐवजी केसाळ होतो.

मिलिपुट. वेल्समध्ये बनते, आपल्याकडे छंदाच्या सामानाच्या दुकानांतून किंवा ऑनलाइन मागवावी लागते. मळताना चिकट लागते, पण पाण्याचे बोट फिरवून सुरेख गुळगुळीत करता येते. कडक झाली की दगडासारखी होते. घासता येते, कोरता येते, भोक पाडता येते. ढाल, मूठ, जमिनीचा तुकडा, म्हणजे जिथे स्वच्छ धार किंवा सपाटी हवी तिथे ही वापरा. पातळ थर ठिसूळ असतो हे लक्षात ठेवा.

एमसील. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि स्वस्त असते. पोत भरड आहे, म्हणून वरच्या थराला नको. आतले भराव, पायाखालचा खडक, तुटलेला सांधा यांसाठी उत्तम. तिचा झटपट कडक होणारा प्रकार मात्र घेऊ नका. आकार येईपर्यंतच ती हातात दगड होते.

ग्रीन स्टफ आणि मिलिपुट आधी वेगवेगळ्या मळून मग निम्म्या-निम्म्या एकत्र केल्या तर मधला गुण मिळतो: घडी धरते आणि थोडीफार घासताही येते. अंगरख्यासाठी मला हेच मिश्रण सर्वांत जास्त आवडते. पहिल्या पुतळ्याला मात्र एकच पुट्टी वापरा, म्हणजे तिचा स्वभाव कळेल.

हत्यारे फार लागत नाहीत. धारदार क्राफ्ट नाइफ; हाताने फिरवायचे छोटे ड्रिल आणि १ मिमीचे पाते; तेवढ्याच जाडीची पितळी तार; फेविक्विक; ४००, ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर. आकार देण्यासाठी दातांच्या डॉक्टरांचे सामान विकणाऱ्या दुकानातले मेण कोरायचे पोलादी हत्यार घ्या. त्याचे एक टोक चमच्यासारखे आणि दुसरे पानासारखे असते. त्याच्या जोडीला रबरी टोकाचा ब्रश, ज्याला क्ले शेपर म्हणतात. हातमोजे नायट्रिलचे हवेत.

सावधान. न वाळलेली एपॉक्सी वारंवार त्वचेला लागली तर ॲलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की ती बहुधा कायमची राहते. हातमोजे घाला, कामाच्या टेबलावर खाणेपिणे करू नका. कडक पुट्टी ओली करूनच घासा, कोरडी घासायची असेल तर मास्क लावा. लहान मुलांना या कामात घ्यायचे असेल तर रंगवणे आणि किल्ल्याची माती त्यांच्याकडे द्या, पुट्टी आणि पाते नको.

## टप्पा १: सैनिक निवडा आणि कागदावर मोजा

अंगावर कमी सामान असलेला पुतळा निवडा. पिशव्या, काडतुसांचे पट्टे, लांब कोट असलेला सैनिक स्वस्तात मिळाला तरी तो महागात पडतो, कारण चढवण्यापेक्षा उतरवणे कठीण असते. सगळ्यांत महत्त्वाचे पाहायचे ते पाय आणि कंबर. हात आणि डोके बदलता येते; पायांचा तोल चुकीचा असेल तर पुतळा कायम पडल्यासारखा दिसतो.

प्लॅस्टिक कोणते ते ओळखा. मॉडेल-किटमधले कडक प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, कापताना कुरकुरते आणि गोंद, रंग, पुट्टी सगळे नीट धरते. पाकिटात मिळणारे मऊ, मेणचट खेळणे बहुतेक वेळा पॉलिथिलीनचे असते आणि त्याला काहीच चिकटत नाही. त्यावर काम होते, पण तिथे पुट्टीला गोंदाचा नाही, तारेचा आणि भोकांचा आधार द्यावा लागतो. पहिल्या प्रयत्नासाठी कडक प्लॅस्टिकच घ्या.

आता मापे. खऱ्या वस्तूची लांबी भागिले ३२. सुमारे ९० सेंमीची तलवार या मापात २८ मिमी होते, ५० सेंमी व्यासाची ढाल १६ मिमी, अडीच मीटरचा भाला ७८ मिमी. ही मापे कागदावर काढून, कापून पुतळ्याशेजारी धरा. अंदाजाने केलेली तलवार हमखास जाड होते. तिचे पाते या मापात जेमतेम १ मिमी रुंद असायला हवे.

## टप्पा २: धुवा आणि शिवण खरवडा

साच्यातून सुटावे म्हणून पुतळ्यावर तेलकट पदार्थ राहिलेला असतो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासा, पूर्ण वाळू द्या. साच्याच्या दोन भागांमधली बारीक शिवण पात्याच्या पाठीने खरवडून काढा. ती आत्ता राहिली तर रंग लागल्यावर पुट्टीच्या कडेला उठून दिसते.

हा टप्पा दहा मिनिटांचा आहे, म्हणूनच तो सोडला जातो. पुट्टीची कड नंतर उचलली जाते तेव्हा पुट्टीला दोष दिला जातो.

## टप्पा ३: पुट्टीसाठी जागा करा

पुट्टी जिथे बसणार तिथे ती जाडी वाढवणार. टोपावरच मुंडासे गुंडाळले की डोके भोपळ्यासारखे दिसते, ते याच कारणाने. जे झाकायचे आहे ते आधी छाटा.

टोप भुवयांच्या वरपर्यंत कापून टाका, कवटीचा आकार राहू द्या. बंदूक हातातून काढा. पुतळ्याची बोटे शाबूत ठेवण्यासाठी एका झटक्यात न कापता दोन्ही बाजूंनी थोडे थोडे कोरत या. कॉलर, खिशांची झाकणे, पट्टा, बुटांच्या वरचा भाग खरवडून सपाट करा. छाती आणि कंबर दोन्ही बाजूंनी साधारण अर्धा मिलिमीटर उतरवा, म्हणजे अंगरखा चढल्यावर मावळा फुगणार नाही.

पाते नेहमी बोटांपासून दूर सरकले पाहिजे. बोथट पाते जास्त धोकादायक असते, कारण त्यावर जोर लावावा लागतो आणि ते निसटते.

तपासा. छाटलेला पुतळा हातभर लांब धरून पाहा. तो आत्ता किडकिडीत आणि थोडा विचित्र दिसला पाहिजे. आत्ताच बरोबर दिसत असेल तर पुट्टीनंतर तो लठ्ठ होणार.

## टप्पा ४: तार, पवित्रा आणि पकड

हात वळवायचा असेल तर खांद्यापाशी कापा, दोन्ही बाजूंना १ मिमीचे भोक ४–५ मिमी खोल पाडा, तार घाला, हवा तो कोन करून फेविक्विकने पक्के करा. मधली फट तशीच राहू द्या, ती पुढच्या थरात भरली जाईल. नुसत्या गोंदावर जोडलेला हात पुट्टी दाबताना सुटतो, हा नियम समजा. तार पितळीच घ्या. कागदाची क्लिप लोखंडी असते, ओलसर हवेत गंजते आणि गंज रंगातून वर येतो.

एका पायातून तार सरळ खाली काढा आणि ती पाच-सहा सेंटीमीटर लांब ठेवा. या तारेवर पुतळा बाटलीच्या बुचात किंवा लाकडी ठोकळ्यात रोवा. पुढचे सगळे काम त्या ठोकळ्याला धरून करायचे, पुतळ्याला नाही. ओल्या पुट्टीवर बोट पडण्याचे निम्मे प्रसंग एवढ्यानेच टळतात.

जिथे पुट्टी येणार तिथे पात्याच्या टोकाने आडवे-उभे ओरखडे काढा. मऊ प्लॅस्टिक असेल तर बारीक आरपार भोके पाडा, म्हणजे पुट्टी दोन्ही बाजूंनी धरेल.

तपासा. समोरून, दोन्ही बाजूंनी, पाठीमागून आणि वरून पाहा. मोबाइलवर फोटो काढून पडद्यावर पाहिला तर तोल लवकर कळतो. हात हलवून पाहा. किंचितही डुगडुगला तर पुन्हा चिकटवा. पवित्रा दुरुस्त करायची ही शेवटची वेळ आहे.

## टप्पा ५: पुट्टी मळणे

लागेल तेवढीच घ्या. ५४ मिमीच्या पुतळ्याला एका बैठकीत हरभऱ्याच्या दाण्याएवढी पुट्टी पुष्कळ होते. उरलेली कडक होऊन वाया जाते आणि ती वाया जाऊ नये म्हणून घाईने कुठेतरी लावली जाते, ते जास्त वाईट.

ग्रीन स्टफ पट्टीच्या रूपात आली असेल तर निळा आणि पिवळा भाग जिथे एकमेकांना टेकलेले असतात ती मधली २ मिमीची पट्टी कापून फेकून द्या. तिथे क्रिया आधीच झालेली असते आणि मळल्यावर तेच कडक कण अंगरख्यावर फोडांसारखे उठतात. दोन्ही भाग समान आकाराच्या गोळ्या करून मोजा आणि रंगाची एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत मळा. तीन-चार मिनिटे लागतात. रेघ राहिली तर तेवढी जागा कायम चिकट राहते.

प्रमाण थोडे बदलता येते. पिवळा भाग जास्त घेतला तर पुट्टी मऊ, चिकट आणि सावकाश कडक होणारी. निळा जास्त असेल तर ताठ आणि कडा धरणारी. दोन भागांस एक यापलीकडे जाऊ नका. मिलिपुट आणि एमसीलमध्ये मात्र प्रमाण समानच ठेवा.

मळल्यावर लगेच लावू नका. पहिली पंधरा-वीस मिनिटे ग्रीन स्टफ हत्यारालाच चिकटते. ती ठेवून द्या, तेवढ्यात पुतळा पुन्हा एकदा पाहा. त्यानंतर साधारण तासभर ती उत्तम वागते. हे अंदाज सामान्य तापमानाचे आहेत. नागपूरच्या मे महिन्यात वेळ बराच कमी होतो, महाबळेश्वरच्या डिसेंबरात वाढतो.

प्रत्येक बैठकीत त्याच मिश्रणाची एक छोटी गोळी कागदावर शेजारी ठेवा. पुतळ्यावरची पुट्टी कडक झाली का, हे पुतळ्याला नखाने टोचून पाहण्याऐवजी त्या गोळीला टोचून पाहा. एवढी साधी सवय असलेला माणूस फारच थोडे पुतळे बिघडवतो.

उरलेली न मळलेली पुट्टी हवाबंद डबीत घालून फ्रीजरमध्ये ठेवली तर जास्त टिकते. डबीवर ठळक नाव लिहा, अन्नापासून वेगळी ठेवा, आणि वापरण्याआधी डबी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पुट्टीवर दव धरते.

## टप्पा ६: पहिला थर, फक्त भराव

या संध्याकाळी एकही घडी करायची नाही. सांध्यांच्या फटी, कापलेली कवटी, दंडाचा आणि मांडीचा आकार एवढेच.

आधी नखाएवढा पातळ लेप ओरखड्यांमध्ये जोराने घासून बसवा, मग त्यावर बाकीची पुट्टी द्या. लेप न देता गोळा ठेवला तर खाली हवा अडकते आणि थर टोपीसारखा सुटून येतो. हत्यार पाण्यात बुडवून निथळून घ्या. पाणी नुसते ओलसर हवे. थेंब राहिला तर तो दोन थरांच्या मध्ये जाऊन पकड सोडवतो. व्हॅसलीनही चालते, पण हत्याराच्या टोकाला पुसट, आणि फक्त सर्वांत वरच्या थरासाठी. ज्यावर अजून पुट्टी चढायची आहे तिथे व्हॅसलीन नको.

रात्रभर ठेवा. घाई असेल तर टेबललॅम्पमधल्या जुन्या पद्धतीच्या तारेच्या बल्बखाली, हाताला जेमतेम कोमट लागेल इतक्या अंतरावर ठेवता येते. एलईडीचा त्यासाठी उपयोग नाही. हेअर ड्रायर तर नकोच, प्लॅस्टिक वाकते.

## टप्पा ७: कपडे, आतून बाहेर

क्रम असा: तुमान, अंगरख्याचा वरचा भाग, अंगरख्याचा घेर, शेला, मुंडासे, शेवटी मिशा. जे कापड दुसऱ्याच्या खाली जाते ते आधी. एका संध्याकाळी एकमेकांना न टेकणारे दोन भाग करता येतात, उदाहरणार्थ तुमान आणि मुंडाशाचा गाभा. टेकणारे भाग वेगवेगळ्या संध्याकाळी.

### घडी म्हणजे रेघ नव्हे

सर्वांत जास्त पुतळे इथे फसतात. ओल्या पुट्टीवर सुईने समांतर रेघा ओढल्या की कापड दिसत नाही, खरवडलेले लाकूड दिसते. कापड जिथे अडकलेले असते तिथून घडी निघते: खांदा, काख, कोपर, बांधलेली कंबर, गुडघा. वाकलेल्या कोपराच्या आतल्या बाजूला घड्या दाट आणि आखूड, बाहेरच्या बाजूला कापड ताणलेले आणि जवळजवळ सपाट. शेल्याखालून घेर सुटतो तेव्हा घड्या वर अरुंद आणि खाली रुंद होत जातात.

हत्यार गोल, बोथट टोकाचे घ्या. अडकलेल्या जागेपासून सुरू करून बाहेर या. सुरुवातीला दाब जास्त, शेवटी इतका कमी की घडी कुठे संपली ते कळू नये. ही झाली खोलगट. आता रबरी टोकाने दोन्ही बाजूंचे उंचवटे उतरते करा. नंतर शेजारची घडी, पण वेगळ्या लांबीची आणि किंचित वेगळ्या कोनाची. आरशासमोर अंगात सैल सदरा घालून तोच पवित्रा घ्या आणि घड्या कुठून निघतात ते पाहा. कोणत्याही चित्रापेक्षा ते जास्त शिकवते.

### अंगरख्याचा घेर

घेर अंगावर थापून करू नका, जाड होतो. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या तुकड्यावर टाल्कम पावडर भुरभुरून त्यावर पुट्टी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत लाटा आणि अर्धा-पाऊण तास सोडा. हत्याराला चिकटेनाशी झाली पण वाकवताना तडकत नाही, ही योग्य वेळ. मग पात्याने कापा. फर्रकन ओढू नका, पाते वरून खाली दाबा. खालच्या बाजूची पावडर ओलसर ब्रशने पुसा, कंबरेवर ताज्या पुट्टीची बारीक वळी द्या आणि तिच्यावर घेर बसवा. घेराच्या खालच्या कडेला बाहेरून आत हलके ढकलून दोन-तीन लाटा द्या.

तपासा. घेराची कड उजेडात तिरपी धरून पाहा. कड जाड दिसत असेल तर आत्ता तिच्या आतल्या बाजूने पाते फिरवून ती उतरती करा. बाहेरून दिसणारी कड पातळ असली की आतली जाडी कुणाला कळत नाही.

### शेला आणि मुंडासे

शेला म्हणजे कंबरेभोवतीची सपाट पट्टी नव्हे. दोन-तीन अरुंद पट्ट्या एकमेकींवर किंचित तिरप्या चढवा, गाठीचा गोळा वेगळा लावा आणि पदराची टोके सर्वांत शेवटी. टोके हवेत लोंबती ठेवू नका; घेराला टेकवा, नाहीतर रंगवताना मोडतात.

मुंडाशासाठी आधी कवटीवर टोपीसारखा गाभा करून तो कडक होऊ द्या. या मापात हनुवटीपासून टाळूपर्यंत डोके ७–८ मिमी असते. मुंडासे दोन्ही बाजूंना सव्वा ते दीड मिलिमीटरच बाहेर यायला हवे. दुसऱ्या दिवशी ३ मिमी रुंदीच्या पातळ पट्ट्या घेऊन कपाळावरून तिरप्या मागे न्या, पुढची पट्टी उलट तिरपी. प्रत्येक वेढ्यावर लांबीच्या दिशेने दोन-तीन उथळ खोलगटी द्या, म्हणजे पिळलेले कापड वाटेल. एकच लांब वळी गोल गोल गुंडाळली तर डोक्यावर दोरखंड ठेवल्यासारखे दिसते. मागे शेमला, म्हणजे मुंडाशाचा लोंबता पदर, सोडायचा असेल तर तो पाठीला टेकलेला ठेवा.

मुंडाशाची खालची कड कपाळावर नीट बसली पाहिजे आणि कानाच्या वरच्या भागाला टेकली पाहिजे. नवख्याचे मुंडासे हटकून वर राहते आणि डोक्यावर काहीतरी ठेवल्यासारखे दिसते.

### मिशा

चेहरा नव्याने घडवायला जाऊ नका. कारखान्यातला चेहरा चांगला असतो. मिशा, कल्ले आणि जाड भुवया एवढ्याने तो बदलतो. मोहरीच्या दाण्याहून लहान दोन कण नाकाखाली टेकवा, मधे किंचित फट ठेवा, पानाच्या आकाराच्या टोकाने बाहेर ओढा आणि मग सुईने केसांच्या दोन-तीन रेषा. जास्त रेषा काढल्या की रंगात त्या बुजतात.

## टप्पा ८: ढाल-तलवार, अंगाबाहेर बनवून

तलवारीचे पाते पुट्टीचे करू नका. ते मोडणारच. १ मिमीची पितळी तार ऐरणीवर किंवा हातोडीच्या सपाट डोक्यावर ठोकून चपटी करा, हलका बाक द्या, कानशीने धार काढा. दुसरा मार्ग जुन्या एटीएम कार्डाचा. त्याची जाडी ०.७६ मिमी असते. त्यातून बाकदार पट्टी कापा आणि दोन्ही बाजूंनी खरवडून पातळ करा. मूठ, तिच्या वरची चकती आणि परज, म्हणजे हाताला आडोसा देणारी पट्टी, मिलिपुटची.

ढालीसाठी चमच्याच्या पाठीला व्हॅसलीनचे बोट लावा, त्यावर मिलिपुट १ मिमी जाड पसरा, कडक झाल्यावर काढून १६ मिमीचा गोल कापा आणि कड ओल्या पॉलिश पेपरवर फिरवा. पुढच्या बाजूला चार फुले: चार सारख्या गोळ्या करून हलक्या दाबा. गोळ्या सारख्या व्हाव्यात म्हणून पुट्टीची एक बारीक वळी करून ती समान तुकड्यांत कापा.

दहा मावळे करायचे असतील तर ढाल एकदाच करा. ती कडक झाली की तिच्यावर व्हॅसलीन लावून ताज्या पुट्टीच्या गोळ्यात दाबा. तो गोळा कडक झाल्यावर साचा तयार.

तलवार हातात बसवताना मुठीत १ मिमीचे भोक पाडून ती तारेवर बसवा. बोटांवर पुट्टीचा पातळ थर देऊन पकड पूर्ण केली की जोड झाकला जातो.

## टप्पा ९: घासणे, धुणे, प्राइमर

मिलिपुटचे भाग ६०० आणि मग १००० नंबरच्या पेपरने, पाण्यात बुडवून घासा. ग्रीन स्टफवर पेपर लावू नका. कुठे उंचवटा राहिला असेल तर नवे पाते लावून पातळ पापुद्रा काढा.

आता पुतळा पुन्हा साबणाने धुवा. व्हॅसलीन आणि पावडर राहिली असेल तिथे रंग सोलून येतो, आणि ही चूक रंगवून झाल्यावरच उघड होते. टूथब्रश मऊ हवा, शेल्याची टोके आणि मिशा सांभाळून.

पूर्ण चोवीस तास जाऊ द्या. मग राखाडी प्राइमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा स्प्रे, २०–३० सेंमी अंतरावरून, दोन-तीन पातळ हातांत. पावसाळी दमट हवेत स्प्रे मारला तर पृष्ठभाग रवाळ येऊ शकतो, म्हणून कोरडा दिवस निवडा. पॉलिथिलीनच्या पुतळ्यावर त्या प्लॅस्टिकसाठीचा खास प्राइमर आधी द्या.

राखाडी रंगात प्रत्येक बोटाचा ठसा, फट आणि पायरी दिसते. ते निराश व्हायचे कारण नाही, प्राइमर त्यासाठीच असतो. फटीत मिलिपुट पाण्यात कालवून ब्रशने भरा, घासा, त्या जागी पुन्हा प्राइमर मारा.

## बिघडले तर

पुट्टी दोन दिवसांनीही चिकट. प्रमाण चुकले किंवा मळणे अपुरे होते. वाट पाहून उपयोग नाही. हत्याराने खरवडा, उरलेला लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा आणि त्या जागेला पुन्हा ओरखडे काढून सुरुवात करा.

थर सोलून आला. खाली तेल, पाणी किंवा व्हॅसलीन होते. सोललेला तुकडा अखंड असेल तर तो फेकू नका. मागची बाजू खरवडून फेविक्विकने बसवा आणि कड ताज्या पुट्टीने मिटवा.

पुट्टी लावताना तुटते, भेगा पडतात. तिची वेळ निघून गेली आहे. पाणी लावून ती मऊ होत नाही. काढा आणि नवी मळा.

ओल्या थरावर बोट पडले. तिथल्या तिथे दुरुस्त करू नका. सावरताना आजूबाजूचे तीन भाग बिघडतात. कडक होऊ द्या, ठसा पात्याने सपाट करा, वर पातळ थर द्या.

हात मोडला. जुन्या जागी पुन्हा गोंद नको. दोन्ही बाजूंची पुट्टी २ मिमी खरवडून आत नवी तार घाला.

## किल्ल्यावर उभा करताना

रंगवून झाल्यावर मॅट वार्निशचे दोन पातळ हात द्या. घेराच्या आतल्या बाजूला आणि पायांच्या तळव्यांनाही. किल्ल्याची माती रोज पाणी मारून ओली ठेवली जाते आणि ओल आधी पायांतून वर चढते. ठोकळ्यातून पुतळा उपटताना अंगाला धरू नका, पक्कडीने पायाखालची तार धरून ओढा. तारेचे २ सेंमी ठेवून बाकीची कापा, टोक तिरपे करा. बुरुजावर मोहरी किंवा आळीव पेरले असतील तर मावळ्यांच्या जागा पेरणीआधीच काडीने भोके पाडून ठेवा, म्हणजे कोंब वर आल्यावर ते न चिरडता तार सरळ आत जाईल.